बावखल बुजल्यावर स्वप्न कुणाला सांगायचं

आमच्या घरात वाईट स्वप्न माणसाला सांगायची पद्धत नव्हती. सकाळी उठायचं, चूळसुद्धा भरायची नाही, कुणाशी बोलायचं नाही, तसंच आमच्या केळीच्या वाडीच्या टोकाला बावखलावर जायचं. पायरीवर उकिडवं बसून पाण्याला स्वप्न सांगायचं. हळू सांगायचं, पण ओठ हलवून. मग त्याच पाण्याने तोंड धुवायचं आणि मागे न बघता घरी यायचं. घरात आल्यावर कुणी काही विचारत नसे. विचारलंच तर ‘पाण्याला दिलं’ एवढं उत्तर पुरायचं. लहानपणी मी गणिताच्या पेपरची, पिसाळलेल्या कुत्र्याची आणि एकदा आई मेल्याची अशी पुष्कळ स्वप्नं त्या पाण्याला दिलेली आहेत.

बाहेरच्यांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, आमच्या पूर्वजांनी हाताने खणलेलं. आमच्या गावात, गिरीजला, आणि आजूबाजूच्या गावांत बहुतेक वाड्यांना एक तरी होतंच. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि त्याच्या जोरावर समुद्र इतका जवळ असून विहिरी गोड राहायच्या. आमच्या बावखलावर रहाट होता. बैल गोल फिरायचा, गाडगी पाणी घेऊन वर यायची, पन्हळीत ओतायची आणि पाणी केळीत पळायचं. मी अगदी लहान असताना पंप बसला आणि बैल गेला, पण रहाटाचा सांगाडा मोडून पडेपर्यंत तिथेच होता.

आमचं बावखल नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बुजलं. बुजलं म्हणजे बाहेरच्या कुणी येऊन बुजवलं नाही. नानांनी बुजवलं. नाना म्हणजे माझे वडील. हे आधीच स्पष्ट लिहिते, कारण पुढे कॉलेजात गेल्यापासून मी ‘बावखलं वाचवा’ अशी पिवळी पत्रकं वाटत गावोगाव हिंडले आणि प्रत्येक सभेत मागच्या रांगेतून कुणीतरी विचारायचंच, “ताई, तुमच्या वाडीतलं कुठे गेलं?” मी म्हणायचे, चूक झाली, म्हणूनच सांगतेय. टाळ्या पडायच्या. हे उत्तर खरं असलं तरी अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणखी एक. घरात आम्ही आमची बोली बोलतो. ती इथे लिहिणार नाही. ती छापली की लोक हसतात, आणि माझ्या बापाला कुणी हसलेलं मला चालणार नाही. म्हणून नानांचं बोलणं साध्या मराठीत देते. त्यांचा ‘नाय’ आणि मला हाक मारताना ‘बाय’ एवढं ठेवते, ते काढलं तर नाना उरत नाहीत.

नानांना स्वप्न पडतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. पहाटे ते ओरडत नसत. ओरडले असते तर बरं. त्यांच्या गळ्यातून घुसमटल्यासारखा आवाज यायचा, तोंड दाबून धरलेल्या माणसाचा येतो तसा. मग उठून ओट्यावर जाऊन बसायचे. सकाळी मी उठेपर्यंत त्यांचा तिसरा चहा झालेला असायचा आणि डोळे लाल. आठवड्यातून चार-पाच सकाळी हेच.

आईला विचारलं तर म्हणायची, “पडतं त्यांना.”

“काय पडतं?”

“पडतं.”

आईने तिच्या परीने इलाज केला होता. उशीखाली विळा ठेवला. विळ्याने भागेना तेव्हा अडकित्ता ठेवला, मग जुन्या रहाटाचा एक लोखंडी खिळा. त्यावरून मी तिच्याशी भांडले. आमचा बावखलांचा गट अंगारे-धुपाऱ्यांच्या विरोधातही पत्रकं काढायचा, आणि इथे माझ्याच घरात बापाच्या उशीखाली भंगाराचं दुकान! मी म्हटलं, “आई, लोखंडाने स्वप्न अडत नाही.”

“मग तुझ्या पत्रकाने अडतं का? दे एक, ठेवते उशीखाली.”

“थट्टा नको करूस. त्यांना डॉक्टरला दाखवायला हवं.”

“काय सांगू डॉक्टरला? स्वप्नाला एक्सरे लागतो?”

नाना ओट्यावरून ऐकत होते. मला वाटतं त्या वेळी ते बोलले असते, जर आम्ही दोघी गप्प बसलो असतो. पण आमच्या घरात गप्प बसणारा माणूस एकच होता.

मी ते प्रत्यक्ष पाहिलं एका दुपारी. मांडवावर सोललेली राजेळी केळी सुकत घातली होती, त्याखाली सावलीत नाना पाचोळ्यावर लवंडले होते. रात्रीची झोप अशी दुपारी कुठेही गाठायची त्यांना. मी पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. अचानक त्यांचे पाय ताठ झाले. तोंड उघडं, मानेच्या शिरा वर आलेल्या, आणि आवाज म्हणाल तर मांजराच्या पिल्लाएवढा. भर दुपारी, चार हातांवर, माझा बाप कुणाला तरी जीव तोडून हाक मारत होता आणि ती त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नव्हती.

केळी राखायला भातगावची एक बाई यायची आमच्याकडे, वयाने नानांएवढी. तिने पुढे होऊन त्यांच्या पायाचा अंगठा दाबला. नाना दचकून जागे झाले. घामाने थबथबलेले.

“पानी प्या नाना,” ती म्हणाली. “मोठी मगर होती का?”

नाना हसले. “तूच होतीस.”

“मंग घाबरायलाच पायजे,” ती म्हणाली आणि कामाला लागली. मी मात्र घडी घातलेली पत्रकं पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत बसले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी नानांनी कोयती हातात घेऊन उभ्या उभ्या डुलकी घेतली. घड उतरवत होते. कोयती केळीच्या दांड्याऐवजी डाव्या तळव्यात गेली. दवाखान्यात टाके घालणाऱ्या डॉक्टरने विचारलं, “काका, लक्ष कुठे होतं?” आई म्हणाली, “झोपच नाही हो त्यांना. सात-आठ वर्षं झाली.” सात-आठ वर्षं! मी हिशोब केला. बावखल बुजलं तेव्हापासून. एवढी साधी गोष्ट मला, गावोगाव बावखलांवर भाषणं ठोकणाऱ्या मला, दवाखान्याच्या बाकावर कळली.

त्या डॉक्टरने आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आठवड्यातून एकदा दुपारी बसायच्या त्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलण्यात घाई नाही. नाना आत जायला तयार नव्हते. “मी वेडा नाय.” बाहेर बसलेला एक म्हातारा म्हणाला, “अहो, मीपण नाही. चला आपण दोघं मिळून सांगू त्यांना.” त्याच्या भरवशावर नाना आत गेले.

डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मी तेव्हाच टिपून ठेवलं, सवयच ती. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं ते बहुतेकदा एखाद्या भीतीभोवती, अर्धवट राहून गेलेल्या गोष्टीभोवती पडतं. मन ते पुरं करायला जातं आणि दर वेळी त्याच जागी येऊन थांबतं, कारण आपण तिथेच दचकून जागे होतो. अशी स्वप्नं पहाटेकडे जास्त. त्या झोपेत हातपाय आणि गळा ढिले पडलेले असतात, म्हणून ओरडायला जातो आणि आवाज निघत नाही. भूत बसत नाही छातीवर. मग माणूस झोपेलाच घाबरायला लागतो, उशिरा झोपतो, अर्धवट झोपतो, आणि अर्धवट झोपेत स्वप्न आणखी जोर करतं. संध्याकाळनंतर चहा बंद, दारू बंद, दुपारची लोळण बंद, झोपायची-उठायची वेळ ठरलेली. हे झालं घरकाम. खरं काम पुढे.

“स्वप्न दिवसाउजेडी सांगायचं,” त्या म्हणाल्या. “जागेपणी, पूर्ण. मग त्यात तुम्हाला वाटेल ते बदलायचं. शेवट बदला, मधलं बदला, एखादी वस्तू बदला. तुमचं स्वप्न आहे, मालक तुम्ही. आणि ते बदललेलं रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात बघायचं. तालीम करतात ना नाटकाची, तसं.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. जमेल?”

मी म्हटलं, जमेल.

नानांना सांगायला जमेना. चार दिवस गेले. माणसाला स्वप्न सांगायचं नाही, हे त्यांच्या हाडात बसलेलं होतं, आणि ज्याला सांगायचं ते त्यांनीच बुजवलं होतं. ते मला म्हणाले, “बाय, इथे नाय सांगता येत. तिकडे चल.” मग आम्ही सकाळी बावखलाच्या जागेवर गेलो. जागा सपाट. मऊ जमीन कधीच झाली नाही ती. वर दगड-विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, त्यातून एरंड उगवलेला. केळ लावून बघितली होती, जगली नाही. नाना सवयीने उकिडवे बसले, पायरी होती त्या जागी. आणि मातीकडे बघून बोलले.

स्वप्न असं. रहाट चालू आहे. बैलाच्या डोळ्यांवर झापडं आहेत, तो गोल फिरतोय. गाडगी वर येतात, पण त्यात पाणी नाही, रॅबिट आहे. (पाडलेल्या घरांच्या विटा-सिमेंटच्या कचऱ्याला डंपरवाले रॅबिट म्हणतात.) गाडगी पन्हळीत ओततात, पन्हळीतून ते केळीत जातं आणि केळी गळ्यापर्यंत गाडल्या जातात. नाना बैलाला ‘हो, हो’ करतात, बैल थांबत नाही. तेवढ्यात मागून डंपर उलटा येतो. नाना हाक मारतात, थांब. आवाज नाही. डंपरच्या काचेवर एक कागद चिकटवलेला आहे.

“कसला कागद?”

नानांनी पायाजवळचा फरशीचा कपचा उचलून बाजूला ठेवला.

“तुझाच,” ते म्हणाले. “शाळेतला.”

मी सातवीत असतानाची गोष्ट. त्या वर्षी तापाची साथ होती. शाळेने प्रभातफेरी काढली आणि घोषणांची स्पर्धा ठेवली. मी लिहिलं होतं: ‘डबकं बुजवा, डास पळवा.’ माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक. पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. नानांना इतका अभिमान वाटला की त्यांनी तो कागद पंपाच्या खोलीच्या दारावर खळीने चिकटवला. त्याच उन्हाळ्यात एक डंपरवाला माती टाकायला जागा शोधत आला. इमारतींच्या पायाची माती, कुठे टाकू, फुकट भरून देतो. पंपाच्या दारात उभा राहून त्याने कागद वाचला आणि म्हणाला, “काका, हे तर तुमच्या घरातच लिहिलंय.” नाना म्हणाले, पोरीने लिहिलंय, शाळेत शिकते. आणि हो म्हणाले. बारा दिवस डंपर येत होते, मातीबरोबर रॅबिटही. पहिल्या दिवशी कासवं बाहेर पडून वाडीत फिरत होती. नानांनी ती टोपलीत घालून शेजारच्या बावखलात सोडली. दोन वर्षांनी शेजारचंही बुजलं.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तू लहान होतीस. आणि नंतर मोठी झालीस,” नाना म्हणाले.

आता खरा संताप यायला हवा तो त्या डंपरवाल्याचा, शाळेचा, डबकं आणि बावखल यातला फरक न शिकवणाऱ्या सगळ्यांचा. आला. मी त्या संध्याकाळी त्याच संतापात बसले आणि नानांच्या स्वप्नाचा नवा शेवट लिहून काढला. हो, मी लिहिला. डॉक्टरबाईंनी मला गप्प बसायला सांगितलं होतं. पण गप्प बसून कधी काही बदललंय का, असं मी दहा सभांत विचारलं होतं.

माझ्या शेवटात असं होतं: डंपर येतो. नाना आडवे होतात. गावातून बाया-बापे, पोरं, चर्चचे फादरसुद्धा, सगळे धावत येतात. बावखलात उतरून साखळी करतात. घोषणा होतात. डंपरवाला घाबरून पळतो. सगळे मिळून रॅबिट उपसतात आणि खालून गोडं पाणी उसळून येतं. दोन फुलस्केप पानं. सुवाच्य अक्षरात. शेवटी उद्गारचिन्हं.

नाना रोज संध्याकाळी ते मोठ्याने वाचायचे, शाळेतल्या पोरासारखे, बोट ठेवून. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “जय हो!” मी तिच्याकडे डोळे वटारायचे.

दहाव्या-बाराव्या दिवशी नानांनी वाचायचं सोडून दिलं. विचारलं तर म्हणाले, विसरलो. मग सकाळचा चहा चौथ्यावर गेला. आईने खिळा परत उशीखाली ठेवला. मी मागेच लागले तेव्हा बोलले, “बदललं गं स्वप्न. तू सांगितलंस तसंच होतं. सगळे येतात. बावखलात उतरतात. साखळी करतात.”

“मग?”

“मग डंपर उलटा येतो. थांबत नाय. आधी नुसती माती पडायची. आता माणसांवर पडते. तूपण असतेस.”

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंनी ते दोन कागद मागून घेतले आणि वाचले. चष्मा काढला.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“काका, तुम्हाला मोर्च्यात जायला आवडतं?”

“लाज वाटते,” नाना म्हणाले. “हिच्यासाठी एकदा गेलो होतो. मागे उभा राहिलो. घोषणा आली की खोकायचो.”

डॉक्टरबाई हसल्या, नानाही हसले. मी हसले नाही. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. तो म्हातारा आजही बाकावर होता. “काय, हाकललं?” म्हणाला. मी म्हटलं, हो. “मलापण माझ्या मुलाबरोबर आत घेत नाहीत,” तो म्हणाला. “म्हणजे त्याला घेत नाहीत.”

आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. त्यानंतर नाना सकाळी एकटेच बावखलाच्या जागेवर जाऊन बसायचे. डोळे मिटून, दहा-पंधरा मिनिटं. मी लांबून बघायचे. तिसऱ्या आठवड्यात आईने उशीखालचं सामान काढून माळ्यावर टाकलं. स्वप्न आठवड्यातून एकदा पडायला लागलं, मग महिन्यातून एकदा. नाना सकाळी सहाला उठू लागले. अंग भरलं. हाताची जखम कधीच बुजली होती. ते आता शेजाऱ्यांशी बोलायचे, ओट्यावर पाय पसरून पेपर वाचायचे. घरात एक माणूस नव्याने राहायला आल्यासारखं वाटत होतं.

मी शेवटी विचारलंच. “काय बदललंत?”

“फार नाय. मी बैलाकडे जातो. त्याची झापडं काढतो, जू काढतो. आणि त्याला घेऊन निघतो.”

“कुठे?”

“फाटकातून बाहेर.”

“आणि डंपर?”

“असेल मागे.”

“थांबतो की नाही?”

“मी बघतच नाय. पाठ असते माझी.”

खरं सांगायचं तर मी नाराज झाले. हा कसला शेवट? यात विरोध कुठे आहे? पण माझा बाप झोपत होता, म्हणून मी म्हटलं, “छान आहे नाना. फारच छान.” नेमके हेच शब्द मी वापरले, मला ते नीट आठवतात.

लगेच पत्रक काढलं. ‘वाईट स्वप्नांना घाबरू नका, दिवसा उघडून बघा.’ लोखंड नको, ताईत नको, डॉक्टरकडे जा, शेवट स्वतःचा स्वतः ठरवा. हे शेवटचं वाक्य मी ठळक छापलं होतं. नालासोपाऱ्याला पूर्वेकडे आचोळ्यात इमारतीइमारतींतून वाटलं. चौथ्या मजल्यावर एका बाईने पत्रक घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विचारलं, “ताई, झोपेचं राहू दे. टँकर कधी येणार ते नाही लिहिलंय कुठे?” तिच्या दारात सात कळशा रांगेत. त्या टँकरचं पाणी आमच्याच पट्ट्यातल्या विहिरींतून उपसलेलं, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगू? तिने काय करावं, तहानलेलं राहावं?

आणि त्या विहिरी. आमच्या विहिरीचं पाणी दोन उन्हाळे मचूळ झालं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात खारटच. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, इस्त्री फिरवल्यासारख्या तपकिरी. घड निम्म्याने लहान. भातगावची बाई पाणी तोंडात घेऊन थुंकली. “ह्या पान्यात मासं शिजवा, मीठ नको,” म्हणाली. पुढच्या हंगामात ती आलीच नाही, आम्ही बोलावलंही नाही, राखायला काय होतं?

बिल्डरचा एक माणूस वर्षातून दोनदा यायचा. पांढरे बूट, गोड बोलणं. आईचं माहेर उमेळ्याला, तिथल्या चिकूच्या झाडांच्या जागी आता ए विंग आणि बी विंग आहेत, ते काम याच माणसाने जुळवलेलं. आमच्याकडे मात्र नाना त्याला ओट्यावरही बसू देत नसत. “द्यायची नाय जागा,” एवढंच बोलायचे. मी सभांत अभिमानाने सांगायचे की माझा बाप बधला नाही. आमच्या चळवळीचा हा विजय, असंही एकदा म्हटल्याचं आठवतं.

त्या पावसाळ्यानंतर तो आला तेव्हा मी घरी नव्हते, कुठल्याशा गावात बावखलाभोवती साखळी करायला गेले होते. खरी साखळी. वीस माणसं होती, त्यातली सहा फोटोपुरती. परत आले तर ओट्यावर दोन खुर्च्या, दोन कप, आणि नाना निवांत.

“दिली,” ते म्हणाले.

“काय दिली?”

“वाडी. सही केली. आईचीपण झाली.”

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुम्ही विकलं गेलात, असंही म्हणाले. आई मध्ये पडली, “बापाशी बोलतेयस, सभेत नाही.” मी आईला म्हटलं, तू गप्प बस. नानांनी माझं होऊ दिलं. मग म्हणाले, “विहीर खारट झाली, बाय. झाडं मरतात ती बघत बसायचं वय नाय माझं.”

“ती तर गेल्या वर्षीही मचूळच होती. तेव्हा नाही म्हणालात ना? आणि त्याआधी? इतकी वर्षं नाही म्हणालात!”

“तेव्हा भीती वाटायची.”

“कसली?”

“स्वप्नाची. मला वाटायचं, एक बावखल दिलं तर हे रोज पडतं. वाडी दिली तर काय पडेल? सही करायला पेन धरलं तरी ते डोळ्यांसमोर यायचं.” त्यांनी डावा तळवा बघितला. “आता नाय येत. आता मी बैल सोडतो आणि निघतो. तूच म्हणालीस, छान आहे.”

मी ओट्यावरचे दोन्ही कप उचलून आत नेले आणि धुतले.

मी डॉक्टरबाईंकडे गेले, भांडायला. त्यांनी ऐकून घेतलं. “तुम्ही माझ्याकडे वाडी आणली नव्हती,” त्या म्हणाल्या. “झोप न येणारा माणूस आणला होता.” बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यावर रागवायला जागा नाही. नानांवर रागवायला तर त्याहून नाही. सात-आठ वर्षं त्या माणसाने रोज पहाटे भीती सोसली आणि त्या भीतीच्या बळावर वाडी उभी राहिली. ना माझ्या पत्रकांवर, ना साखळीवर. ती भीती मीच हाताला धरून दवाखान्यात नेली आणि घालवली. न घालवून काय करणार होते? तळव्यात गेलेली कोयती पुढच्या वेळी गळ्यात गेली असती. या प्रश्नाला मला अजून बाजू सापडलेली नाही, आणि बाजू घेण्यापलीकडे मला दुसरं काही येत नाही.

मोजणीला माणसं आली ती दुपारी. तिघं जण, लांब टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन. फाटकापासून त्यांनी सुरुवात केली, केळींतून मागे गेले, बावखलाच्या जागेवर एक खूण केली. “इथे भराव छान बसलाय,” एक म्हणाला, “इथे पार्किंग घेता येईल.” मग घराकडे आले. नाना ओट्यावर खाटेवर झोपले होते. दुपारची झोप डॉक्टरबाईंनी बंद केली होती, पण आता चालायची. उताणे, तोंड किंचित उघडं, घोरत. पाय सैल. गळ्यावर एकही शीर उभी नाही.

टेप ओट्यावरून जायला हवी होती आणि ती खाटेच्या पायाला अडकत होती.

“ताई,” त्यातला एक दबक्या आवाजात म्हणाला, “जरा पाय उचलता का खाटेचा? काकांना उठवायला नको.”

मी वाकले. दोन्ही हातांनी खाटेचा पाय उचलला, चार बोटं, नाना हलणार नाहीत एवढाच. टेप खालून सरकत गेली. ती पलीकडे पोचेपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला.